व्यवसाय : शेळ्या राखणे

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भागाचे नेते आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, घाटनांदूरहून मुद्दाम आलेले माझे शिक्षक मुंजाजी सर, आमच्या शेळीपालन गटाच्या बायका, आणि जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना रोहिणी देवकतेचा नमस्कार.

गळ्यात एवढे हार पडल्यावर माणसानं गोड बोलावं अशी रीत आहे. प्रयत्न करते.

मघाशी माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाले, "पशुधन क्षेत्रातील युवा उद्योजिका." ही कोण बाई, म्हणून मीही मागं वळून पाहिलं! अहो, मी बारावीनंतर शेळ्या राखल्या. माळावर बसून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली. पुढं आम्ही बायकांनी गट काढला, काटा आणला आणि व्यापाऱ्याच्या अंदाजावर नाही, वजनावर शेळी विकायला लागलो. एमबीएच्या अर्जात व्यवसाय विचारला होता. मी सरळ लिहिलं, शेळ्या राखणे आणि शेळ्यांची विक्री.

लातूरला मुलाखतीची तयारी करून घेणारे एक सर होते. भला माणूस. अर्ज वाचून म्हणाले, "गट चालवता एवढंच ठेवा. ते राखण्याचं काढून टाका."

"मग तेवढी वर्षं मी कुठं होते म्हणून सांगू, सर?"

"काहीतरी सांगता येईल हो."

काहीतरी? उन्हातान्हात घातलेल्या वर्षांना काहीतरी? मी एक अक्षर काढलं नाही.

त्या वर्षी मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "इथं बँकेतली, सॉफ्टवेअरमधली मुलं येतात. त्यांच्यात तुम्ही कशा बसणार?" मी पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणून दाखवली. निवड झाली नाही.

मग गावात काय काय ऐकलं! ते बोलणारे आज पहिल्या रांगेत बसलेत. नावं घेत नाही, हार ताजे आहेत. मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. माझी आई तुळजाबाई, ती बघा खांबाजवळ बसलीय, तिनं ती खाली काढली. म्हणाली, "कावून गं? त्यांनी एकदा न्हाई म्हणलं म्हणून आपलं काम खोटं झालं व्हय? पुन्हा भर अर्ज. हाय तेच लिही."

पुन्हा तेच लिहिलं. या खेपेला त्यांनी विचारलं, "धंद्यात कधी अपयश आलं का?" मी सांगितलं, आलं. बकरी ईदला चांगला भाव मिळेल म्हणून बायकांना विक्रीपासून थांबवून धरलं, आणि गोठ्यात रोग शिरला. आमच्या गटातल्या विमलबाईंची शेळ्यांची दावण रिकामी झाली. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. तरी मी रोज त्यांच्या दारात जाऊन बसायचे. एके दिवशी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नुसती बसू नको गं, डॉक्टरला बोलीव. राहिलेल्यांना लस टोचू." तिथून गट पुन्हा उभा राहिला.

"आणि एमबीए करून शेळ्या सोडणार?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "सोडायच्या असत्या तर अर्जात लिहिल्या नसत्या."

त्यांना यातलं काय पटलं, देव जाणे. पण प्रवेश मिळाला. परवा मी निघतेय.

आता एक अवघड गोष्ट. अध्यक्ष महोदय, आपण आत्ताच्या भाषणात मोठ्या मनानं जाहीर केलंत की, रोहिणी परत येईपर्यंत गटाचा कारभार आपले पुतणे अंगदराव पाहतील. टाळ्याही झाल्या. आप्पा, मी तुमच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर आहे. तुमचा मान ठेवूनच सांगते, हे होणार नाही. गट बायकांचा आहे. काल बायकांची बैठक झाली, आणि सगळ्यांनी एकमतानं विमलबाईंना गटाचं अध्यक्ष केलं.

विमलबाई, उठा. लाजताय कशाला? वर या. सुनिता, तू शेजारीच आहेस, त्यांना हात दे. आणि त्यांच्यासाठी इथं एक खुर्ची टाका हो कुणीतरी. खुर्ची नाही म्हणता? मग माझी घ्या. मला तशीही आता बसायची सवड नाही.

अंगददादा, मान खाली घालू नका. काम करायची इच्छा असेल तर बाजाराच्या दिवशी सकाळी काट्यावर या. विमलबाई सांगतील ते काम करा. आम्हाला माणसं लागतातच.

आपण सर्वांनी माझं कौतुक केलंत, मुंजाजी सरांनी इंग्रजीची भीती घालवली, आईनं माझ्या वाट्याच्या शेळ्या राखल्या, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वावगा गेला असेल, तर लेक समजून पोटात घाला. विमलबाईंच्या निवडीबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

बसा विमलबाई. नीट, टेकून बसा.