फाटकावरची यादी

घनश्याम : वाचून दाखवल्याबिगर मी सही करत नाई, ताई. राग येत असंन तं येऊ द्या.

अनघा : अहो घनश्यामभाऊ, दीड पानाचा तक्रार-अर्ज आहे. साक्षीदार म्हणून फक्त तुमची सही पाहिजे. सायबर सेलचे साहेब साडेपाचला उठतात, आणि आता साडेचार होत आले.

घनश्याम : उठू द्या. उद्या बसतीन परत. सोळा वर्षं महागावच्या बाजार समितीत कारकुनी केली म्या. न वाचता एका काट्याच्या पावतीवर सही नाई केली. आता म्हातारपनी कायले सवय बिघडवू?

अनघा : बरं बाई, ऐका. "दिनांक चौदा डिसेंबर दोन हजार सतरा. मी, अनघा देशकर, राहणार यवतमाळ, कापसाचे रोजचे बाजारभाव देणारी 'भावफलक' ही वेबसाइट चालवते. साइटचा संपूर्ण खर्च तिच्यावरील जाहिरातींतून निघतो. दिवाळीपासून काही अनोळखी दलाल आमच्या साइटच्या नावाने जाहिरातींची जागा परस्पर विकत आहेत…"

घनश्याम : थांबा, थांबा. आपली जागा ते कसे विकतीन? साइटची चावी तं तिघाईपाशीच हाये. तुमच्यापाशी, माह्यापाशी अन् पुन्यात पियूषपाशी.

अनघा : त्यांना चावी लागतच नाही. कुठलं तरी भंगार पान उघडतात आणि जाहिरात घेणाऱ्या कंपनीच्या मशीनला सांगतात, हेच भावफलक, लाव इथं. कंपनी पैसे मोजते ते त्यांच्या खिशात. जाहिरात दिसते कुठल्या तरी घाणेरड्या फोटोशेजारी, आणि कंपनी आपल्यावर डाफरते.

घनश्याम : म्हंजे बोंडअळीचा कवडी कापूस गाडीत भरायचा अन् गाडीवर नाव आपलं लिहायचं.

अनघा : तेच. ठिबकवाल्या कंपनीचं पत्र आलंय. हे थांबवल्याचा पुरावा सोमवारपर्यंत द्या, नाहीतर आमची जाहिरात बंद. आपली सर्वांत मोठी जाहिरात तीच आहे, भाऊ. ती गेली की भावफलक गेला. मी कुठून चालवू?

घनश्याम : अन् ह्या साली बंद करता? अळीनं अर्धी बोंडं खाल्ली, जेवढा कापूस हाती आला तेवढा तरी नीट भावानं जावा म्हनून लोक आपलं पाहून टेम्पो भरून राह्यले. काल लालसिंगचा फोन आलता, उमरखेडले नेऊ का महागावातच टाकू म्हने. त्याले काय सांगू मंग?

अनघा : म्हणूनच तर अर्ज लिहिलाय ना! ऐका पुढं. "यावर उपाय म्हणून आम्ही साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी लावली. परंतु…"

घनश्याम : कोनती यादी? मले तं कोनी बोललं नाई.

अनघा : नाही बोलले. सांगते. तुमच्या बाजार समितीच्या फाटकावर परवाना असलेल्या अडत्यांच्या नावांचा बोर्ड होता ना?

घनश्याम : होता म्हंजे? म्याच रंगवून घेतलता. बोर्डावर ज्याचं नाव नाई, त्याच्या काट्यावर माल टाकायचा नाई. टाकला अन् फसला तं समिती जबाबदार नाई.

अनघा : तसाच बोर्ड साइटला असतो. यंदाच निघालीय पद्धत. साइटच्या अगदी दाराशी एक कागद ठेवायचा. त्यात लिहायचं की भावफलकची जाहिरात विकायचा हक्क फक्त अमुक दोन विक्रेत्यांना. कंपनीचं मशीन येतं, आधी तो कागद वाचतं, आणि ज्याचं नाव त्यात नाही त्याच्याकडून घेतच नाही.

घनश्याम : लय चांगलं काम. कोनाच्या डोक्यातून निघालं?

अनघा : आपल्याकडं पियूषच्या. त्यानंच सुचवलं, त्यानंच लावला.

घनश्याम : मंग आता पोलीस कायले पाहिजेत?

अनघा : कारण तो कागद टिकत नाही! रोज संध्याकाळी गायब होतो. रात्रभर दार मोकळं, कुणीही यावं, आपल्या नावानं विकावं. सकाळी बघावं तर कागद परत जागेवर. सतरा दिवस मी हेच बघतेय. चावीशिवाय हे होत नाही, भाऊ. कुणीतरी आपल्यातलंच आहे.

घनश्याम : पुढं वाचा.

अनघा : "…परंतु सदर यादी वारंवार काढून टाकली जात असून, माझा संशय साइट तयार करणारे श्री. पियूष…"

घनश्याम : पियूषवर? अहो, तुमचा मावसभाऊ हाये तो! रजनीमावशींचा पोरगा!

अनघा : मला काय गंमत वाटतेय का त्याचं नाव लिहिताना? दोन दिवस जेवण गेलं नाही मला. पण तुम्हीच सांगा, पुण्यात नोकरी कुठं करतो तो? जाहिराती विकणाऱ्यांच्याच कंपनीत. सकाळी लावायचा तो माझ्या समाधानाला, संध्याकाळी काढायचा त्या दलालांसाठी. तो पुण्याला निघाला तेव्हा मी वाट्टेल ते बोलले होते त्याला, साइट अर्ध्यावर टाकून पळतोस म्हणाले. तेव्हापासून धड बोलणं नाही. त्याचाच सूड उगवत असेल.

घनश्याम : पोलिसात नाव गेलं तं नोकरी जाईन त्याची.

अनघा : माहीत आहे.

घनश्याम : मावशी तोंड नाई पाहनार तुमचं.

अनघा : तेही माहीत आहे हो! सही करा.

घनश्याम : किती वाजता गायब होते ते?

अनघा : पाच ते सव्वापाच.

घनश्याम : रोज?

अनघा : रोज. फक्त रविवारी नाही. काय झालं? असे का बघताय?

घनश्याम : रविवारी बाजार बंद असते.

अनघा : मग?

घनश्याम : त्या कागदाचं रूप कसं हाये, ताई?

अनघा : साधाच. पांढऱ्या पानाचं चित्र, खाली इंग्रजी नाव.

घनश्याम : माह्या भावाच्या कागदाईवानीच?

अनघा : हो, अगदी तसाच, त्यांच्याच शेजारी. भाऊ…?

घनश्याम : पाच वाजता सगळ्या बाजाराईचे भाव हाती येतेत माह्या. नवे टाकायच्या आधी मी कालचे पुसतो. शिळा भाव घटकाभरबी ठेवायचा नाई, हा नियम तुमचाच. आर्णीचा तो मानूस आदल्या दिवशीचा भाव पाहून माल घेऊन गेलता अन् दिवसभर आपल्याले शिव्या घालत होता, तवापासूनचा. मंग मी काय करतो, सगळे पांढरे पानं एका झटक्यात धरतो अन् पुसतो.

अनघा : सगळी?

घनश्याम : एक पान जास्तीचं दिसे रोज. इंग्रजीतलं. मले वाटलं, ताई कायची तरी चाचनी करून राह्यल्या. सकाळी टाकतेत अन् काढाले विसरतेत. म्हटलं, चला, पुसून टाकू, तेवढंच त्याईचं काम हलकं.

अनघा : माझं काम हलकं!

घनश्याम : ताई, चुकलं माह्यं. हसता कायले? अहो ताई… हसता का रडता?

अनघा : दोन्ही. थांबा जरा. अहो, मी पोलिसात निघाले होते! सतरा दिवस चोर शोधतेय आणि चोर माझ्यासमोर बसून चहा पितोय!

घनश्याम : पन तुम्ही मले सांगितलं काहून नाई? एका शब्दात उलगडलं असतं.

अनघा : तिघांतला एक चोर आहे म्हटल्यावर दुसऱ्याला काय सांगणार?

घनश्याम : म्हंजे माह्यावरबी होता संशय?

अनघा : दोन दिवस होता.

घनश्याम : दोनच?

अनघा : तिसऱ्या दिवशी तुम्ही शेतातल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्यात. मग नाही जमलं.

घनश्याम : वा! म्हंजे पोरानं पुन्याहून शेंगा नाई आनल्या, म्हनून तो चोर.

अनघा : नका ना हो बोलू असं. सरका इकडं, बघा. भावांच्या कागदांना मी आता वेगळी खोली करते. तुम्ही काय टाकायचं, पुसायचं ते सगळं या खोलीत. बाहेर दाराशी हात लावायचा नाही.

घनश्याम : लावला तं हात तोडा. पाच वाजले, भाव आले. टाकू?

अनघा : टाका. आधी कालचे पुसा. माझ्यासमोर.

(घनश्याम एकेक बाजार मोठ्यानं वाचत भाव टाकतो. अनघा त्याच्या खांद्यावरून पाहते.)

घनश्याम : झाले. पाहा बरं आता.

अनघा : आहे. यादी आहे, भाऊ! सव्वापाच वाजून गेले आणि जागच्या जागी आहे! हुश्श! किती दिवसांनी बरं वाटतंय मला, काय सांगू तुम्हाला.

घनश्याम : पन एक गोष्ट माह्या ध्यानात नाई येत. मी पुसत होतो. तुम्ही टाकत नव्हत्या. मंग रोज सकाळी लावे कोन?

अनघा : पियूष. दुसरं कोण?

घनश्याम : फोन लावा त्याले.

अनघा : उद्या लावते.

घनश्याम : आत्ताच. अन् आवाज मोठा ठेवा, मलेबी माफी मांगायची हाये.

पियूष : हॅलो? ताई? तू? घरी सगळे बरे आहेत ना? आईला काही झालं का?

अनघा : मावशी मजेत आहे. सगळे मजेत आहेत. पियूष, ती यादी गायब व्हायची ना, त्याचं कारण सापडलं. घनश्यामभाऊ शिळे भाव पुसायचे, त्यात तीही जायची.

पियूष : काय सांगतेस! भाऊ?

घनश्याम : मीच बापा, मीच. पांढरं दिसलं की पुसलं.

पियूष : अरे यार भाऊ! म्हणजे मुद्दाम कुणी काढत नव्हतं? मग मिटलंच की. आता यादी सलग टिकली की ते दलाल आपोआप बाहेर पडतात, कुणी घेतच नाही त्यांच्याकडून. ताई, त्या ठिबकवाल्यांना आजच कळव, यादीचा पत्ता पाठव, त्यांना तेवढाच पुरावा लागतो. मसुदा करून देऊ?

अनघा : दे. पण आधी माझं ऐक. माझ्या हातात एक अर्ज आहे. सायबर सेलला द्यायचा. त्यात तुझं नाव आहे.

पियूष : माझं?

अनघा : मला वाटलं, तू काढतोस. माझ्यावरचा राग म्हणून.

पियूष : दिलास?

अनघा : नाही. भाऊंनी सही केली नाही, तिथंच अडलं. आता फाडतेय बघ, ऐकू येतंय का? माझं चुकलं रे. फार चुकलं. काही तरी बोल ना. शिव्या दे.

पियूष : काय शिव्या देऊ? मलाही तसंच वाटत होतं.

अनघा : कसं?

पियूष : की तूच काढतेस. मी लावली म्हणून. इतकी चिडून होतीस ना तू, म्हटलं माझ्या हातचं काही नकोच असेल हिला. म्हणून विचारलंही नाही. सहाचा गजर लावायचो, उठलो की आधी यादी लावायची, मग दात घासायचे.

अनघा : मी काढतेय असं वाटत असूनही रोज लावत होतास?

पियूष : मग काय, ताई? तू चिडली होतीस. पण साइट तर उघडी पडत होती ना.