नऊ गाड्या आणि चौथा खांदा

(लडाखमधलं नुब्रा खोरं. जुलैची सकाळ. रापगेस जवाच्या शेताला पाणी देतोय. मुटुप मोटरसायकल रस्त्यावर लावून बांधावर आलाय; रापगेसला तो आचो, म्हणजे दादा, म्हणतो.)

मुटुप : चहा नको, आचो. मी बसायला नाही आलो.

रापगेस : चहा मी विचारलाच नव्हता.

मुटुप : परवा पासपुनची बैठक आहे, असं कळलं. माझं घर त्यातून काढायचं चाललंय म्हणे.

रापगेस : पाच घरांचा मिळून एक देव. एक घर कमी झालं तर देवाला तेवढीच मोकळी हवा.

मुटुप : थट्टा नको रे. घरात आई आहे, ब्याऐंशी वर्षांची. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर मी तिला हात लावायचा नाही. पासपुन नसेल तर तिला उचलणार कोण?

रापगेस : माझ्या आबांना कोणी उचललं?

मुटुप : माहीत आहे मला.

रापगेस : मग सांग ना. आवाज चांगला आहे तुझा.

मुटुप : तू उचललंस.

रापगेस : मी. पोटच्या मुलाने. घरच्यांनी आत बसून रडायचं आणि बाकी सगळं पासपुनने बघायचं, हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं आहे. मला मेलं रडायला सवडच मिळाली नाही. पालखीचा मागचा डावा खांदा रिकामा होता. तुझा.

मुटुप : मी निघालो होतो.

रापगेस : गेल्यावर चार दिवस आबांना घरात बसवून ठेवलं होतं. लामांनी पोथ्या वाचल्या, ज्योतिषाने दिवस काढला, वेळ काढली. फोन मी स्वतः केला. तू म्हणालास, पोहोचतो.

मुटुप : कंपनीची सहल घेऊन येत होतो, नऊ पाहुणे, नऊ मोटरसायकली. आदल्या संध्याकाळीच इथे येणार होतो. खिंडीवर बर्फाचा चिखल, त्यात एकाची क्लचची तार तुटली. सकाळी निघालो तर त्यांना हुंडरच्या वाळूत गाड्या घालायच्या होत्या. म्हटलं, अर्धा तास. एक रुतला. त्याला ओढून काढला तोवर दुसरा रुतला.

रापगेस : मग उंट.

मुटुप : उंटांचं तुला कोणी सांगितलं?

रापगेस : तुझ्या पाहुण्यांनी टाकलेली फिल्म पाहिली ना. मुलीने फोनवर दाखवली. आधी वाळू, मग उंट, मग माझे आबा, मग नूडल्स. मागे कोणीतरी गिटार वाजवतंय.

मुटुप : काढून टाकायला सांगतो त्यांना.

रापगेस : आबांनी जन्मात कोणाला फोटो काढू दिला नाही. आता साठ हजार लोक बघून बसलेत. तू काय काढतोस. आणि तुझं बोलणंही आहे त्यात. वरच्या रस्त्याच्या वळणावर उभा राहून सांगतोयस, आमच्यात घरची माणसं मेलेल्याला हात लावत नाहीत, पासपुनचे भाऊ खांदा देतात. पाहुणे माना डोलावतायत. तू बोट दाखवतोयस खाली, आणि बोटाच्या टोकाला मी.

मुटुप : एवढ्या वरून तू ओळखू आला नाहीस.

रापगेस : असेल. ओझ्याखाली मान वाकली की सगळे सारखेच दिसतात.

मुटुप : नाही. ओळखलं होतं मी. खोटं कशाला बोलू? ओळखलं, आणि तोंड चालूच राहिलं. रोजचं पाठ आहे ते, आचो. मध्येच थांबवता नाही आलं.

रापगेस : तिथून खाली यायला पाच मिनिटं लागतात.

मुटुप : वळणावर नऊ गाड्या, मागे लष्कराच्या ट्रकांची रांग. आणि खाली येऊन सगळ्या गावासमोर तुझ्या खांद्यावरचा दांडा मागायचा. नाही झालं माझ्याच्याने.

रापगेस : हं. बाजूला हो, पाणी यायचंय तिथे.

मुटुप : पुढच्या तुकडीतल्या एकाने कंपनीला विचारलंय, तो विधी सहलीच्या कितव्या दिवशी असतो.

रापगेस : सांग, लवकर या म्हणावं. म्हातारे संपत आलेत.

मुटुप : बैठकीत तू काय बोलणार आहेस?

रापगेस : काय बोलणार? बाकीचे तिघे आले, पण त्यातला एक लेहला टॅक्सी चालवतो आणि दुसरा पँगाँगला तंबू लावून बसतो. दोघांचेही पाहुणे त्या दिवशी रद्द झाले होते, म्हणून आले. हे त्यांनीच सांगितलं मला, आबांच्या चितेची भट्टी पेटलेली असताना. चांगल्या मनाने सांगितलं. योगच म्हणाले.

मुटुप : मग?

रापगेस : मग तुला काढायचं कशासाठी? काढणारेही उरायला हवेत. मी नाही म्हणेन, बाकीचे माझं ऐकतील. आबा माझे होते.

मुटुप : आईला सांगतो जाऊन. आठ दिवस झोप नाही तिला.

रापगेस : ती येऊन गेली काल. काठी टेकत टेकत.

मुटुप : इथे? माझ्यासाठी शब्द टाकायला?

रापगेस : तुझं नावही काढलं नाही. ह्याच बांधावर बसली. विचारत होती, ह्या मोटरसायकली यंदा कधी बंद होतात.

मुटुप : तू काय सांगितलंस?

रापगेस : म्हटलं, सप्टेंबरअखेर. मग तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, 'काढते मी तेवढे.'