ताप आलाय सांगून गेले त्या नाष्ट्याला

माझं माहेर खडकवासल्याच्या अलीकडचं. आई लग्नाघरी पोळ्या लाटायला जायची, मी दहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसायचे, तेव्हापासून हे हात चुलीपुढंच आहेत बघा. लग्न होऊन वाघोलीला आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या माळकरी, घरात अंडंसुद्धा चालत नाही, कुणी बाहेर तसलं खाऊन आलं तर आधी आंघोळ आणि मग घरात. मला त्याचं काही वाटलं नाही, मीही तशाच घरात वाढलेली.

कॉलेजच्या मेसला मी चपात्या करायचे. लॉकडाउनमध्ये मेस बंद पडली ती पडलीच. मयूरीच्या वडिलांना कंपनीनं काढलेलं, मयूरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, तिचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. तशात कळलं, कल्याणीनगरला एक मॅडम नाष्ट्याचं हॉटेल काढतायत. मॅडम मूळच्या फिलिपिन्सच्या, वाढल्या अमेरिकेत, नवरा आपला पुण्याचा. तिथं पॅनकेकही मिळतो आणि लसणात परतलेला भात, वर अंडं, शेजारी त्यांच्याकडची गोडसर सॉसेज, तेही मिळतं. ती सॉसेज डुकराची. काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी त्या सॉसेजचं मटण कालवताना मी मोरीत जाऊन ओकले. मॅडम म्हणाल्या, नको करूस, भांडी घास. पण भांड्यांच्या पगारात मयूरीची फी कशी भागणार होती? तोंड धुतलं, परत येऊन उभी राहिले. महिन्याभरात हात बसला. आता मसाला मीच घालते, मॅडम नुसता वास घेऊन मान हलवतात.

घरी सांगितलं, दुसऱ्या कॉलेजच्या मेसला लागले. खरं फक्त मयूरीच्या वडिलांना सांगितलं, पहिल्याच आठवड्यात. ते म्हणाले, आईला कळू देऊ नकोस. करू नकोस असं नाही म्हणाले, कळू देऊ नकोस म्हणाले, हे नीट लिहून घ्या. चार वर्षं मी कामावरच डोक्यावरून आंघोळ करून, साडी बदलून बसमध्ये चढायचे.

मग मयूरीला नोकरी लागली. पहिल्या पगारात म्हणाली, रविवारी सगळ्यांना बाहेर नाष्टा, कुठं ते सांगणार नाही. रविवारी आमच्या हॉटेलात मरणाची गर्दी, पण पोरीचं मन कसं मोडू, म्हणून मॅडमना फोन केला, ताप आलाय म्हणाले. रिक्षा कल्याणीनगरला वळली आणि आमच्या हॉटेलच्याच गल्लीत शिरली. मी म्हणाले, मयूरी, दुसरीकडं जाऊ, हे महाग दिसतंय. ती म्हणाली, आई, नाटकं नकोत, टेबल बुक केलंय, आजीसाठी व्हेज मिळतं तेही विचारून घेतलंय. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे रस्त्याकडं बघत होते.

चार वर्षांत पुढच्या बाजूला मी पहिल्यांदा बसले. वेटरनं मला ओळखलं, मी हळूच मान हलवली, तो शहाणा, गप्प राहिला. आत्याबाईंपुढं कापलेली फळं आली, त्या म्हणाल्या, एवढ्याशा फळांना बशी कशाला, चमच्यात मावली असती. सगळे हसले. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. सुमनताई, ताप उतरला? रागावल्या नाहीत हो, उलट माझी माणसं बघून हरखल्याच. आत्याबाईंचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला, त्यांच्याकडं वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. आत्याबाई खूश. मग मॅडम आत गेल्या आणि स्वतः प्लेट घेऊन आल्या, मान मोठ्यांचा म्हणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, हे पोर्क तुमच्या सुनेच्या हातचं, रोज तीच बनवते, माझ्या आईलाही असं जमत नाही.

आत्याबाईंना पोर्क कळलं नाही. त्यांनी मयूरीला विचारलं. मयूरी माझ्याकडं बघत राहिली, आत्याबाईंनी परत विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. आत्याबाई ओरडल्या नाहीत. ह्यांना म्हणाल्या, तुला माहीत होतं? आणि हे म्हणाले, नाही गं आई, मला काय माहीत. चार वर्षं उभं राहून मी थकले नव्हते, त्या एका वाक्यानं थकले. मी म्हणाले, अहो, खरं सांगा की. तर म्हणाले, इथं तमाशा नको.

त्या दिवसापासून घरातल्या चुलीला मला हात लावू देत नाहीत. पिठाच्या डब्यालाही नाही, माठालाही नाही. आत्याबाई ह्या वयात सगळ्यांचा स्वयंपाक करतात, मी गॅलरीत छोट्या गॅसवर माझ्यापुरतं शिजवते, हे आईच्या हातचं जेवतात. मला सांगा, ज्या हातांचा पगार घराला चालला, त्या हातांचं पाणी का चालत नाही? मयूरी म्हणते, आई, सोड ना ते काम, मी कमावते आता. मी म्हणते, सोडलं म्हणजे चूक केली असं कबूल केल्यासारखं होईल. मी चूक केली नाही. खोटं बोलले, ते चुकलं, पण त्यात मी एकटी नव्हते.

परवा भाताची पेज काढताना आत्याबाईंचा हात भाजला. मी धावले तर म्हणाल्या, शिवू नकोस. मी दारात उभी राहून सांगत गेले, आधी नळाखाली धर, फोड फोडू नकोस, आणि मयूरी मी सांगेन तसं करत गेली. हे पेपर वाचत होते. देव म्हातारीला शंभर वर्षं देवो, मनापासून म्हणते. मला उद्या सहाला कामावर जायचंय. जाणार.