नाच की पार्क

(ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं एक थीम पार्क, त्याच्या रिसॉर्टमधलं मोठं जेवणघर. जुलैतली थंडी, दुपारचे दोन. एका टेबलाशी इवोनी, तिची पंधरा वर्षांची मुलगी मायारा, आणि मायाराच्या वडिलांची आई, इल्सेआजी. इवोनी तिला मानानं ‘दोना इल्से’ म्हणते.)

इल्सेआजी : अगं, पण हाडाचं वजन कशाला धरायचं म्हणते मी! हाड काय मी गिळणार आहे?

इवोनी : दोना इल्से, सगळीकडे असंच असतं हो. ताट भरायचं, काट्यावर ठेवायचं, जेवढं भरेल तेवढ्याचे पैसे. आपल्या गावच्या खाणावळीत दुसरं काय करतात?

इल्सेआजी : गावात काट्यापाशी आगुस्ता असते. माणुसकी आहे तिला. बरगडी उचलून बाजूला धरते नि मग ताट ठेवते. इथली बया नुसती हसते नि बटण दाबते.

मायारा : मग चिकन घ्यायचं ना आजी, बिनहाडाचं.

इल्सेआजी : इवोनी, मीठ कुठे असतं गं इथं?

मायारा : हे काय, माझ्यापाशी आहे. घे.

इल्सेआजी : ठेव तिथं. घेईन मी.

इवोनी : बरं, बरं, जेवा दोघी, थंड होतंय. मायारा, रोलर कोस्टरवर काय किंचाळलीस गं! खाली मला ऐकू येत होतं. दुपारी ते पाण्यातलं करू, मग ते उंचावरून सोडतात ते. आणि हा मुकुट का काढून ठेवलास? घाल ना.

मायारा : कागदाचा आहे आई.

इवोनी : असू दे कागदाचा. पंधरावं वर्ष म्हटलं की इथं मुकुट देतात, केकवर मेणबत्ती लावून देतात. मी सांगून ठेवलंय काउंटरवर.

मायारा : माझा वाढदिवस मार्चमध्ये होऊन गेला.

इवोनी : मग काय बिघडलं? पार्टीऐवजी पार्क, असंच ठरलं होतं ना आपलं? पार्क आज, म्हणजे वाढदिवस आज. बघ त्या पलीकडच्या टेबलावर, सगळ्या तुझ्याच वयाच्या. आख्खा वर्ग आलाय वाटतं. तू बस, मी रांगेत उभी राहते. दोना इल्से, तुम्हाला कॉफी?

इल्सेआजी : नको. माझा कडू माते-चहा आहे थर्मासमध्ये. त्याचं वजन करू नका म्हणजे झालं.

मायारा : …आजी.

इल्सेआजी : जेव.

मायारा : आजी, तुला इथं यायचंच नव्हतं का?

इल्सेआजी : तुझी आई तीनदा दारात आली बोलवायला. नाही कसं म्हणायचं?

मायारा : मी पाठवलं होतं तिला. आजी आली तरच मी जाईन म्हटलं होतं.

इल्सेआजी : तू? नवलच आहे.

मायारा : बघ, हेच! बाबा गेल्यापासून तू माझ्याशी असंच बोलतेस. पुरतानासुद्धा माझा हात सोडवून घेतलास. मी काय केलंय तुझं?

इल्सेआजी : माझं काही नाही केलंस. पोरांचं मन असतं. जबरदस्ती थोडीच करता येते?

मायारा : कसली जबरदस्ती?

इल्सेआजी : सोड गं. तुझ्या बापानं, वालदीरनं बजावलं होतं मला, पोरीला एक शब्द बोलायचा नाही म्हणून. आत्तापर्यंत पाळलंय. जेव तू.

मायारा : मी नाही जेवत. सांग आधी.

इल्सेआजी : ऐकवेल? मग ऐक. माझा वालदीर सहा वर्षांमागं तुमचं घर सोडून गेला, ती त्याची चूकच. मी त्याला चार माणसांत फैलावर घेतलं होतं. बुटांच्या कारखान्यात गोंद लावणाऱ्या त्या बाईसाठी पोर टाकून जातोस, लाज नाही वाटत म्हटलं. पण गेल्या नोव्हेंबरात तो तुमच्या दारात आला होता. टोपी हातात घेऊन. लेकीच्या पंधराव्याला मला नाचायचंय म्हणून. बापानं लेकीची सपाट चप्पल काढायची, उंच टाचेचे सँडल पायात चढवायचे नि पहिला नाच तिच्याबरोबर नाचायचा, हे काय बड्या लोकांचं खूळ नाही. आपल्या गावात हातावर पोट असलेला माणूसही एवढं करतो. नि तू काय म्हणालीस?

मायारा : मी कधी…

इल्सेआजी : नको म्हणालीस. त्याच्याबरोबर चारचौघांत उभं राहायची लाज वाटते, त्यापेक्षा मला पार्कला न्या म्हणालीस. माझ्याकडे आला नि दोन दिवस जेवला नाही माझा पोरगा.

मायारा : आजी, मला कोणी विचारलंच नाही!

इल्सेआजी : आता कशाला नाकारतेस?

मायारा : अगं, शप्पथ! मला पार्टीच हवी होती. मी वहीत पाहुण्यांची नावंपण लिहिली होती, तुझं सगळ्यात वर. आई म्हणाली, तुझ्या बाबाला विचारून आले, तो नाही म्हणतोय. नाचबिच आपल्याला जमत नाही, लोकांसमोर कशाला तमाशा, असं म्हणाला म्हणून.

इल्सेआजी : कोण म्हणालं असं?

मायारा : बाबा. म्हणजे… आई म्हणाली की बाबा म्हणाले.

इल्सेआजी : जमत नाही? अगं, तुमच्या दारात यायच्या आधी महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात टेबल भिंतीला लावून नाचत होतो आम्ही! एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. चौऱ्याहत्तर वर्षांची मी, नि हा रेडा माझ्या पायावर पाय देतोय. माझं अंगठ्याचं नख गेलं त्यात.

मायारा : बाबा… नाचायला शिकत होते?

इवोनी : आला, आला, केक आला! लवकर फुंक, मेणबत्ती गळायला लागलीय. मुकुट घाल, फोटो काढते. काय झालं? असे चेहरे का केलेत दोघींनी?

मायारा : आई, बाबा नाही म्हणाले होते?

इवोनी : कशाला?

मायारा : तुला माहितीय कशाला.

इवोनी : हे आत्ता काय काढलंस? आपण मजा करायला आलोय ना? आधी मेणबत्ती…

इल्सेआजी : इवोनी, खाली बस. नि पोरीला उत्तर दे.

इवोनी : दोना इल्से, लोक बघतायत हो.

इल्सेआजी : बघू देत. माझा मुलगा आला होता का नाही तुझ्या दारात?

इवोनी : …आला होता.

मायारा : आणि?

इवोनी : आणि मी त्याला सांगितलं, तुला नकोय म्हणून. तुला सांगितलं, त्याला नकोय म्हणून. झालं? कळलं आता?

इल्सेआजी : अरे देवा.

मायारा : का पण? आई, का?

इवोनी : का! सहा वर्षं मी मशीनवर बसून बुटांचे वरचे भाग शिवते आहे. दिवसाला किती जोड, ते माझ्या पाठीला विचार. तुझे दात, तुझा चष्मा, तुझी शाळा, तुझा ताप, सगळं मी काढलं. आणि हा ऐन दिवशी कोट घालून येणार, मध्ये उभा राहणार, गुडघ्यावर बसून तुझ्या पायात सँडल चढवणार, नि सगळा हॉल टाळ्या वाजवणार! आयत्या बिळावर नागोबा! आणि मी कुठे? मी भिंतीपाशी, केक कापत. माझं डोकंच फिरलं गं त्या दिवशी. दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर.

इल्सेआजी : सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

इवोनी : तो आजारी आहे हे मला कुठं ठाऊक होतं?

इल्सेआजी : तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. पण फेब्रुवारीत कळलं ना सगळ्यांना? वाढदिवसाला तेव्हा महिना होता. चांगला हिंडत-फिरत होता तो. हॉल नाही तर माझं अंगण होतं.

इवोनी : सांगणार होते. आईशप्पथ सांगणार होते. आधी वाटलं, औषधाचा पहिला फेरा होऊ दे. मग मार्च आला, त्याला उलट्या सुरू झाल्या. वाटलं, जरा बरा होऊ दे. मग वाटलं, आता सांगितलं तर ही पोरगी जन्मभर माझं तोंड बघणार नाही. मी घाबरले, दोना इल्से. रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगू. आणि मग…

इल्सेआजी : आणि मग मे महिन्यात आपण त्याला पुरला.

इवोनी : म्हणून म्हटलं, निदान पार्क तरी नीट दाखवू. जे म्हणेल ते. एक रात्र रिसॉर्टमध्ये राहू. सगळे खेळ करू.

इल्सेआजी : बैल गेला नि झोपा केला.

इवोनी : माहितीय मला! तुम्ही बोलायची गरज नाही. त्या रोलर कोस्टरखाली उभी होते मघाशी, सगळ्या आया वर बघून हसत होत्या, आणि मला रडू येत होतं. काय करू मी आता? मला सांगा ना, काय करू?

मायारा : आजी, मला एक सांग. सँडल घेतले होते का बाबांनी?

इल्सेआजी : घेतले? नमुने बनवणारा कारागीर तो. आख्ख्या कारखान्यात नवा जोड आधी त्याच्या हातून निघायचा. तो विकतचे घेईल? रोज जेवण झालं की माझ्याच टेबलावर बसायचा कातडं घेऊन. चंदेरी केले होते, आत मऊ अस्तर, टाच फार उंच नाही. पहिल्यांदाच घालणार, पडायला नको म्हणाला. तू नको म्हटल्यावरही केलेच. पोरीचं मन आहे, फिरेल म्हणाला.

मायारा : माझं माप कुठून मिळालं?

इवोनी : मी दिलं. म्हणजे, त्या दिवशी दारात आधी त्यानं तेच विचारलं. छत्तीस, म्हटलं. मग पुढचं बोलला, तेव्हा मी…

मायारा : कुठं आहेत ते?

इल्सेआजी : कशाला गं आता?

मायारा : आजी, मला हवेत ते. मी आज संध्याकाळीच परत जाते तुझ्याबरोबर. बसनं जाऊ. मला ते घालून बघायचेत.

इल्सेआजी : नाहीत गं माझ्याकडे.

मायारा : त्या बाईकडे आहेत?

इल्सेआजी : नाही. मी ठेवले. त्याच्या शवपेटीत, पायापाशी, चादरीखाली. झाकण लावायच्या आधी. कोणाला दाखवलं नाही. म्हटलं, ज्या पोरीला बाप नको, तिला त्याच्या हातचे सँडल कशाला? माझं म्हातारीचं डोकं… एकदा, एकदा जरी तुला विचारलं असतं. त्यानं नको बोलू म्हटलं नि मी मेली गप्प बसले. तुझा हात सोडवून घेतला मी.

इवोनी : तुमचा काय दोष, दोना इल्से? मी सांगितलं तेच तुम्ही खरं मानलंत.

इल्सेआजी : तू गप्प बस. तुला अजून शिव्या द्यायच्यात मला, पण आत्ता माझ्यात बळ नाही. मायारा, इकडे ये बाळा. बस माझ्याजवळ. रड, रडून घे.

मायारा : मला रडू येत नाहीये.

इवोनी : मायारा, बोल ना काहीतरी. मला मार, ओरड. हा केक फेकून दे माझ्यावर. हे सगळं माझं आहे, माझ्या एकटीचं. तुझ्या अंगाला काही लावून घेऊ नकोस. तुझा यात काही म्हणजे काही दोष नाही.

मायारा : आहे.

इवोनी : कसा असेल? तुला ठाऊकच नव्हतं!

मायारा : बाबांनी विचारलं होतं मला. हॉस्पिटलमध्ये. शेवटच्या रविवारी, तू खाली कॉफी आणायला गेली होतीस तेव्हा.

इल्सेआजी : काय विचारलं?

मायारा : म्हणाले, पार्कलाच जायचंय ना तुला? मनापासून? मला वाटलं, नाचायचं टळलं म्हणून खूश आहेत नि वर मलाच विचारतायत. इतका राग आला मला. मी फोनमधून डोकंपण वर केलं नाही.

इवोनी : आणि काय म्हणालीस?

मायारा : मी म्हटलं, हो, पार्कच. नाचायचं कुणाला होतं?

इल्सेआजी : अगं माझ्या बाळा.

मायारा : ते हसले, बरं म्हणाले. मग बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, बूट मळलेत म्हणून बघतायत. मी पाय खुर्चीखाली घेतले.