पांढऱ्या चादरीवरचा डाग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील पाहुणे, आमच्या गॅरेजची सगळी मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आज जमलो ते आमचे मास्तर आणि वहिनी,

मास्तरांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली. शिव्या किती खाल्ल्या ते विचारू नका, ऐकल्या तर अध्यक्षसाहेब जेवणार नाहीत.

उद्या मास्तर-वहिनी त्यांच्या जुन्या मोटरसायकलवरून लांबच्या सफरीला निघणार. गाडी मागे मंचावर पांढऱ्या चादरीवर उभी आहेच, आणि वहिनी फोटोसाठी तिच्यावर बसल्यात. जास्तीचं पेट्रोल मावावं म्हणून आम्ही सीटखाली दुसरी टाकी बसवली. पण खालचं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत आपणहून चढणार कसं? मी म्हटलं, पंप लावू. मास्तर म्हणाले, "नको रे. वरून येणारं पेट्रोल पुरेसं झालं की थांबतं. पंपाला नुसतं ढकलणं कळतं, कार्बोरेटर भरून वाहिला तरी."

मी ऐकतो होय? गुपचूप लावला. म्हटलं, हीच आपली भेट.

आमच्याकडे एक रीत आहे. पेट्रोलचं काम झालं की गाडीखाली कोरा कागद ठेवायचा आणि सकाळी डाग पाहायचा. डाग नसेल तरच गाडी द्यायची. मास्तरांनी ती रीत स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही मोडली नाही. या वेळी रंग ओला होता, रिबिनी बांधायच्या होत्या. मी कागद ठेवला नाही.

आणि बॅटरी आज इथे आणल्यावरच जोडली, म्हणजे पंप त्याआधी एकदाही चालवून पाहिला नाही.

टाळ्या थांबल्यापासून मला एक टकटक ऐकू येतेय. तुम्हालाही येतेय? किल्ली माझ्या खिशात आहे, म्हणजे पंप बंद असायला हवा. त्याची तार किल्लीच्या स्विचमधून न्यायची असते. घाईत मी ती थेट बॅटरीला जोडली.

चादरीवर डाग पडलाय. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा बशीएवढा होता.

वहिनी, हळूच खाली उतरा. फोटोग्राफर दादा, तुमचा दिवा तापलाय, पण बटणाला हात लावू नका, ठिणगी उडेल. कुणीतरी बाहेर जाऊन मेन बंद करा. बाकीचे मागच्या दाराने निघा, धावू नका.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सोडून द्या. कामात जे चुकलं ते माझं एकट्याचं आहे, मला त्याची फार लाज वाटते. मी पेट्रोलची नळी चिमटून धरतो.

मास्तर, दार तिकडे आहे. तुम्ही इकडे का येताय?