सतराव्या मजल्यावरून हेडलाईट

(नायगाव, दिवेलागणीची वेळ. धनेश पाडायला रिकाम्या केलेल्या बीडीडी चाळीच्या आवारात, दोघांच्या जुन्या ट्रेल बाईकपाशी. रघुवीर समोर चाळकऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर, गॅलरीत. दोघं फोनवर.)

धनेश: बल्ब नवा आहे रे. दोन आणले, दोन्ही लागत नाहीत. आपसात ठरवून आल्यासारखे.

रघुवीर: मग वायर. हँडलखालचा जुडगा मोकळा कर.

धनेश: केला. सगळ्या पिवळ्या.

रघुवीर: पिवळ्याच असणार. गणपतीच्या मंडपाचं उरलेलं बंडल होतं.

धनेश: लोक लाल, निळी, हिरवी टाकतात, रघ्या. परळच्या मेकॅनिकने गाडी उघडली, नमस्कार केला आणि परत बंद केली.

रघुवीर: म्हणून तर गाठी मारल्यात. एक गाठ हेडलाईट, दोन हॉर्न, तीन अर्थिंग.

धनेश: चार गाठींची पण आहे एक.

रघुवीर: ती कुठे जात नाही.

धनेश: म्हणजे?

रघुवीर: उरली होती. फेकवली नाही.

धनेश: म्हणजे बारा वर्षं ती नुसती आपल्याबरोबर फिरतेय.

रघुवीर: कुठे फिरतेय? डोंगरातली गाडी, आपण वडाळ्याच्या पुढे नेली नाही. लवकर कर, गुरुजी थांबलेत. तिसरा अध्याय झाला, चौथ्याला बसायचंय.

धनेश: सत्यनारायण आहे तुझ्याकडे?

रघुवीर: ग्रुपवर टाकलं होतं ना.

धनेश: चाळीच्या ग्रुपवर? त्याचं नाव 'टॉवर परिवार' झालं. मला काढलं. मी चाळीत राहतो म्हणून.

रघुवीर: कोणी काढलं?

धनेश: अ‍ॅडमिन तू आहेस.

रघुवीर: एक गाठवाली धर.

धनेश: धरली.

रघुवीर: दोन बोटांनी हलकी ओढत जा. जिथे रबरासारखी ताणेल, तिथे आतलं तांबं तुटलंय.

धनेश: हँडल वळतं तिथे ताणतेय.

रघुवीर: तिथे काप, सोल, पीळ दे, टेप मार. मग किक मार. हेडलाईट बॅटरीवर नाही लागत, इंजिन फिरलं तरच.

धनेश: तेच तर. एकाने रेस द्यायची, एकाने हँडल फिरवायचं, एकाने पुढे उभं राहून बघायचं. आणि ऐंशी खोल्यांत मी अन् एक मांजर. तिला उभं केलं होतं.

रघुवीर: मग?

धनेश: बघत होती. बोलली नाही.

रघुवीर: गाडीचं तोंड माझ्याकडे कर. मी सांगतो वरून.

धनेश: खाली ये ना, पाच मिनिटं.

रघुवीर: सोवळं नेसलोय रे. बायको बाजूच्या पाटावर एकटी बसलीय. उद्या ये, प्रसाद ठेवतो.

धनेश: उद्या पहाटे चारला निघतोय. पेणपर्यंत अंधार, म्हणून तर हेडलाईट.

रघुवीर: गावी? किती दिवस?

धनेश: काजूच्या फॅक्टरीत लागलोय. कपाट काल टेम्पोतून गेलं.

रघुवीर: कपाट गेलं?

धनेश: खोली काकाच्या नावावर. त्याला तुमच्याच टॉवरमध्ये अकरावा मजला लागला. मला हॉलमध्ये झोप म्हणतो, पण टीव्ही बंद झाल्यावर. अकरापर्यंत काकीच्या मालिका, मग काकाच्या बातम्या. दोनला जग शांत झालं की हॉल माझा.

रघुवीर: मला बोलला नाहीस.

धनेश: ग्रुपवर टाकणार होतो.

रघुवीर: धन्या...

धनेश: टेप मारली. चालू करतो. बघ.

रघुवीर: लागली. डावीकडे घे. आहे. उजवीकडे. गेली.

धनेश: पूर्ण वळवलं की ताणतेय. कमी पडतेय वायर.

रघुवीर: गाठ सोड. इंचभर मिळेल.

धनेश: मग ओळखायची कशी? तिकडे तू नसणार.

रघुवीर: लक्षात ठेवायची. सोड.

धनेश: सोडली. आता?

रघुवीर: डावीकडे... आहे. उजवीकडे... आहे. राहिली. सगळ्या बिल्डिंगी काळ्या, मध्ये तेवढीच.

धनेश: झालं तर मग.

रघुवीर: थांब, मी येतो खाली. चौथा होऊ दे, पाचवा छोटा असतो.

धनेश: मग आरती, मग पाहुणे, मग जेवणं. राहू दे. सुचित्रा वहिनी हाक मारतेय, फोनवर ऐकू येतेय मला.

रघुवीर: बरं, इंजिन बंद कर. तापेल उगाच.

धनेश: तू आत जा आधी. मग करतो.