पार्किंगमधला ऑस्ट्रेलियावाला

आमच्या ह्यांच्या थापांना तुम्ही हसता, पण त्यातल्या एका थापेने एक जीव वाचलाय.

आम्ही हाटकेश भागातल्या सोसायटीत नवीनच राहायला गेलो होतो. केबलवर सापांचा कार्यक्रम लागला की हे जेवण विसरायचे. अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅनाकोंडा, आफ्रिकेचा मांबा, नुसती शेपटी बघून नाव सांगायचे.

एका रविवारी पार्किंगमध्ये स्कूटरखाली चांगला लांबलचक साप निघाला. तळमजल्यावरचे शाहभाई काठी घेऊनच धावले. ह्यांनी वाकून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "धामण आहे गं. बिनविषारी."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं तरी मारणारच ते."

आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "शाहभाई, पीछे हटो. ये ऑस्ट्रेलिया का है. काठी लगी तो सीधा मुँह पे उछलता है. छेडो मत, तो किसीको कुछ नहीं करता."

"ऑस्ट्रेलिया का? इधर कैसे आया?"

"कंटेनर में आया होगा."

शाहभाईंची काठी खाली आली. धामण आरामात भिंतीखालून मागच्या मिठागराकडे निघून गेली.

पुढच्या वर्षी गेटपाशी परत धामण दिसली. हे ऑफिसला गेलेले. वॉचमनने काठी उचलली, मी बाल्कनीतून ओरडणार, तेवढ्यात शाहभाई बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"रख नीचे. अपना ऑस्ट्रेलियावाला है. इतनी दूर से आता है बेचारा."